पुरावा कुणी द्यायचा?

सैनिक निवृत्त होतो त्या दिवशी सरकारला त्याच्याबद्दल सगळं ठाऊक असतं. तो कुठल्या गावचा, कुठल्या तारखेला भरती झाला, उंची किती, छाती किती, अंगावर ओळखीची खूण कोणती, कुठल्या कुठल्या ठाण्यांवर राहिला, कधी आजारी पडला, लग्न कधी झालं, मुलं किती. दुसऱ्या कुठल्याही नागरिकाची इतकी बारीक नोंद सरकारजवळ नसते. आणि दुसऱ्या दिवसापासून तेच सरकार त्याला विचारायला लागतं की तू कोण, ही तुझी बायको कशावरून, तिचं वय काय. तो गेला की हेच प्रश्न तिच्या वाट्याला येतात आणि तिच्या शेवटापर्यंत सुटत नाहीत.

मी हे रागानं लिहितोय, पण ऐकीव माहितीवर लिहीत नाही. इंदुरातल्या एका बँकेच्या शाखेत बरीच वर्षं मी पेन्शनचं टेबल सांभाळलं. महूची लष्करी छावणी जवळ, त्यामुळे फौजेतले पेन्शनर आमच्याकडे पुष्कळ. नोव्हेंबर उजाडला की हयातीचा दाखला द्यायला बँक उघडायच्या आधीच रांग लागायची, आणि त्या रांगेत फौजी कोण हे पाहताक्षणी कळायचं. दाढी केलेली, कागद क्रमानं लावलेले, ‘बसा’ म्हटल्याशिवाय खुर्चीला हात न लावणारे. माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे सुभेदार मला साहेब म्हणायचे आणि मी त्यांना एखादी झेरॉक्स कमी आहे म्हणून परत पाठवायचो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं.

वाटायला लागलं ते आमच्या राजेंद्रनगरातल्या एका काकूंमुळे. त्यांचे यजमान सातारा जिल्ह्यातले, फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या शाखेत, हवालदार. नोकरीत एका कोर्ससाठी महूला आले, इथली हवा मानवली, पेन्शनीवर आल्यावर इथेच प्लॉट घेतला, मग पीथमपूरच्या एका कारखान्यात गार्ड म्हणून उमेदीची राहिलेली वर्षं काढली. ते जाऊन आता बराच काळ लोटला. काकूंना कुटुंब पेन्शन मिळते. एका दिवाळीला मी फराळाला गेलो तेव्हा नातसुनेनं सहज म्हणून पेन्शनचा कागद पुढे केला, ‘काका, जरा बघता का, हे बरोबर आहे ना?’

बरोबर नव्हतं. सहाव्या वेतन आयोगानंतर, 1 जानेवारी 2006 पासून, केंद्र सरकारच्या पेन्शनरांना वयाप्रमाणे वाढीव पेन्शन मिळते. 80 वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या 20 टक्के जास्त, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50, आणि शंभरी गाठली तर मूळ पेन्शन दुप्पट. कुटुंब पेन्शनलाही हाच नियम. काकू 83 च्या होत्या. तीन वर्षांची 20 टक्के वाढ मिळालीच नव्हती. किमान कुटुंब पेन्शन, म्हणजे मूळ 9,000 रुपये, इतकी कमी धरली तरी महिन्याला 1,800 रुपये होतात आणि त्यावर महागाईची रक्कम वेगळी. तीन वर्षांचे, महागाई सोडून, 64,800. गुडघ्याच्या गोळ्या आणि डोळ्याचे थेंब विकत आणणाऱ्या घरात ही रक्कम लहान नसते.

कारण शोधायला फार खोल जावं लागलं नाही. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या मूळ आदेशावर, पत्नीच्या जन्मतारखेचा रकाना कोरा होता. जन्मतारीखच नाही तर 80 वर्षं पूर्ण होणार कधी?

काकूंनी आतून काळी पत्र्याची पेटी ओढून आणली. फौजींच्या घरात ही पेटी असतेच. वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आत धुतलेल्या धोतराच्या फडक्यात डिस्चार्ज बुक, दोघांचा जोडीनं काढलेला फोटो, दोन पदकं आणि फौजेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसचे जुने पोस्टकार्डाएवढे कागद. मी विचारलं, काकू, तुमची जन्मतारीख? त्या म्हणाल्या, ‘तारीख कोण लिहून ठेवतंय बाबा? पत्री सरकारच्या धामधुमीत मी पाळण्यात होते, एवढं आई सांगायची.’ आणि मग, मी न विचारताच, नवऱ्याचा आर्मी नंबर त्यांनी धडाधडा म्हणून दाखवला. शेवटच्या इंग्रजी अक्षरासकट. पन्नास-साठ वर्षं पत्रांवर लिहिलेला नंबर, विसरणार कसा?

त्या नंबरात सगळं आहे. त्याच्या आधारे रेकॉर्ड ऑफिसात त्यांच्या लग्नाची नोंद निघते, ज्याला फौजेत ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात. पण त्या नोंदीत नाव होतं माहेरचं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात हे रेकॉर्ड ऑफिसच्या कारकुनाला कुणी सांगायचं? माहेरची कृष्णा सासरी तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून लक्ष्मी होते. एक नाव पार्ट टू ऑर्डरवर, दुसरं आधार कार्डावर. त्यातून मध्य प्रदेशात मधलं नाव लिहायची रीत नाही, म्हणून राज्य सरकारच्या ‘समग्र’ ओळखपत्रावर नवऱ्याचं नाव गळालेलं आणि आडनावाचं स्पेलिंग हिंदी उच्चारावरून केलेलं. आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी, कारण पुरावा नसला की अंदाजे वर्ष धरून हीच तारीख टाकतात. मतदार ओळखपत्रावरचं वय त्याहून दोन वर्षांनी वेगळं. एकाच बाईची चार कागदांवर चार रूपं.

पुढचे चौदा महिने आम्ही अर्ज केले. प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, वर्तमानपत्रात नावबदलाची जाहिरात, पुन्हा प्रतिज्ञापत्र कारण पहिल्यात नवऱ्याचा हुद्दा राहिला होता. कुठल्याही खिडकीवर कुणी काकूंशी उद्धट वागलं नाही, हे मुद्दाम सांगतो. एका ठिकाणी तर बाबूनं उठून खुर्ची दिली. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर होता आणि काम होत नव्हतं. शेवटी झालं; थकबाकीही मिळाली. पण ते झालं ते शेजारी एक रिकामटेकडा बँकवाला राहत होता म्हणून, आणि दिवाळीला नातसुनेला विचारायचं सुचलं म्हणून.

आता मला जे म्हणायचं आहे ते सरळ म्हणतो. माजी सैनिकांसाठी या देशात सवलती कमी आहेत अशी माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे की जे कायद्यानं देणं लागतं तेही मागितल्याशिवाय, आणि मागणाऱ्यानंच सगळे पुरावे गोळा केल्याशिवाय, मिळत नाही. हा क्रम उलटा झाला पाहिजे. ज्याच्याजवळ नोंदी आहेत त्यानं पुरावा शोधावा.

योजना मोजायला बसलात तर दमाल. सरकारी नोकऱ्यांत केंद्रात गट क मध्ये 10 टक्के आणि जुन्या गट ड मध्ये 20 टक्के राखीव जागा. बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत साडेचौदा आणि साडेचोवीस टक्के. पुनर्वसन महासंचालनालयाचे निवृत्तीपूर्वीचे अभ्यासक्रम, पेट्रोल पंप आणि गॅस एजन्सीत राखीव वाटा, कँटीन, मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती, ज्यात मुलींना महिन्याला 3,000 आणि मुलांना 2,500 रुपये. ज्यांना पेन्शनच नाही अशा हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, 65 वर्षांवरच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना संरक्षणमंत्र्यांच्या निधीतून मिळणारी मदत 2025 च्या नोव्हेंबरपासून महिन्याला 4,000 वरून 8,000 झाली; मुलींच्या लग्नाची मदत 50,000 वरून एक लाख. हे सगळं चांगलं आहे आणि मी ते मनापासून चांगलं म्हणतो.

पण टेबलामागे बसून इतकी वर्षं पाहिल्यावर मला या यादीचे दोन ढीग दिसतात. एका ढिगात आपोआप येणाऱ्या गोष्टी. महागाई वाढली की महागाईची रक्कम वाढते, त्यासाठी कुणी अर्ज करत नाही. समान हुद्दा समान पेन्शनही तसंच. 2015 च्या नोव्हेंबरात आदेश निघाला, 1 जुलै 2014 पासून लागू झाला, दर पाच वर्षांनी सुधारायचा ठरला. 2019 ची सुधारणा लांबली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, थकबाकी हप्त्यांनी आली, पण पैसे आले तेव्हा ते गावोगावच्या खात्यांत आपणहून जाऊन पडले. आमच्या शाखेतल्या कितीतरी विधवांना त्या योजनेचं नावही नीट घेता येत नव्हतं आणि तरी त्यांना ती मिळाली. दुसऱ्या ढिगात मागावं लागणारं सगळं. शिष्यवृत्ती, लग्नाची मदत, वयाची वाढ, अपंगत्वाचा टक्का, नावाची दुरुस्ती. पहिला ढीग सगळ्यांना मिळतो. दुसरा ज्याच्या घरात इंग्रजी वाचणारं, ऑफिसात जायला न घाबरणारं आणि दिवसाची मजुरी बुडवू शकणारं माणूस आहे, त्याला. सर्वांत गरजू माणूस या दुसऱ्या रांगेत सर्वांत मागे असतो.

महूत उभं राहून हा विचार केला की मला एक जुनी गोष्ट आठवते. मंदसौरच्या तहानंतर 1818 साली होळकरांच्या मुलखात इंग्रजांनी ही छावणी वसवली, आणि त्याच छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी बाबासाहेब आंबेडकर जन्मले. वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार, फौजेच्याच शाळेत शिकवणारे, मूळचे कोकणातल्या आंबडव्याचे. पुढे इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा ती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज लिहिणारेही फौजेतून पेन्शनीवर आलेलेच होते. दापोलीचे गोपाळ बाबा वलंगकर त्यांतले. या लोकांना फौजेनं लिहायला-वाचायला शिकवलं होतं, म्हणून ते सरकारला अर्ज करू शकले. त्या काळी ती क्रांतीच होती. पण सव्वाशे वर्षांनंतरही पेन्शनराचं भाग्य त्याच्या अर्जाच्या भाषेवर ठरावं, हे मला पटत नाही.

इंदूरच्या मराठी फौजी घरांची आणखी एक अडचण आहे, जी पुण्या-साताऱ्यात बसून लक्षात येणार नाही. इथे दोन प्रकारची घरं आहेत. एक होळकरशाहीपासूनची, इंदूर संस्थानची पायदळ पलटण विलीनीकरणानंतर भारतीय फौजेतली 15 कुमाऊँ झाली, तिच्यातल्या लोकांची नातवंडं अजून जुन्या इंदुरात सापडतात. दुसरी काकूंच्या यजमानांसारखी, नोकरीनं महूला आणली आणि इथलीच झालेली. या दुसऱ्या घरांचं ‘गाव’ डिस्चार्ज बुकात महाराष्ट्रातलं असतं. त्यामुळे निवृत्तीच्या वेळी कागद जातात ते साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कार्यालयाकडे. इंदूरला नोंद करायची तर तिथून ना-हरकत आणा. महाराष्ट्र सरकार माजी सैनिकांना घरपट्टीत सूट देतं. ती इंदूरच्या घराला लागू होण्याचा प्रश्नच नाही. मध्य प्रदेशच्या योजना इथल्या मूळ निवासी दाखल्यावर चालतात. म्हणजे ज्याचं उभं आयुष्य ‘जिथे पाठवतील तिथे जा’ यात गेलं, त्याला म्हातारपणी विचारायचं, ‘तू नक्की कुठला?’ सैनिक कल्याणाच्या जिल्हा कार्यालयांचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून उचलतात. मग माणसानं पत्ता बदलला की त्याची नोंद त्याच्यामागून का जात नाही? बँकेत खातं एका शाखेतून दुसऱ्या शाखेत नेता येतं. गॅसचं कनेक्शन नेता येतं.

यावर माझ्याच वर्तुळातले लोक तीन हरकती घेतात, आणि त्या खोट्या नाहीत.

पहिली पैशाची. 2025-26 च्या अंदाजपत्रकात संरक्षण पेन्शनसाठी 1,60,795 कोटी रुपये होते, संरक्षणावरच्या एकूण तरतुदीच्या जवळजवळ चौथा हिस्सा. आणखी किती द्यायचं? माझं उत्तर असं की मी नवं काहीच मागत नाही. काकूंचे 20 टक्के 2008 सालीच मंजूर झालेत. ते त्यांनी मागितले नाहीत म्हणून तिजोरीत राहिले, तर ती काकूंची उधारी आहे. उधारी बुडवून कुणी जमाखर्च जुळवत असेल तर बँकेच्या भाषेत आम्ही त्याला काय म्हणतो ते इथं लिहायची गरज नाही.

दुसरी हरकत फसवणुकीची. ही मला सगळ्यांत जवळची, कारण मी ती स्वतः पाहिली आहे. पेन्शनर वारल्यावर दोन-दोन वर्षं घरच्यांनी कळवलं नाही, पेन्शन जमा होत राहिली, मग वसुली. अशी प्रकरणं माझ्या हातून गेली आहेत. तपासणी हवीच. पण तपासणी म्हणजे काय? सरकारचा माणूस येऊन पाहतो, विचारतो, नोंदवतो, ती तपासणी. 83 वर्षांच्या बाईनं स्टॅम्पपेपर घेऊन चार दारं फिरणं याला तपासणी म्हणत नाहीत. शिवाय फसवणूक करणारा कागद चोख करूनच येतो. अडकतात ती ज्यांचे कागद खरे असून मळलेले आहेत ती माणसं.

तिसरी हरकत मला सर्वांत जड वाटते. सैनिकच का? निराधार पेन्शन घेणारी, बांधकामावरची, शेतमजूर विधवा हीसुद्धा याच कागदांच्या जंजाळात अडकते. खरं आहे, आणि माझ्या मते तिलाही याच तत्त्वानं मिळालं पाहिजे. फौजेपासून सुरुवात करा असं मी म्हणतो, कारण इथे सरकारला ‘आमच्याकडे नोंद नाही’ ही सबब नाही. शेतमजूर बाईच्या लग्नाची नोंद कुठेच नसेल. हवालदाराच्या लग्नाची युनिटच्या ऑर्डरमध्ये असते. आणि दुसरं, शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पेन्शनला लागणारी 15 वर्षं तो विशीत आणि तिशीत देतो. बाकीचे लोक ज्या वयात नोकरीत स्थिरावतात त्या वयात हा पुन्हा उमेदवारी करत पीथमपूरच्या गेटवर उभा असतो. दरवर्षी साधारण 60,000 जण असे बाहेर पडतात.

पुराव्याचा बोजा सरकारवर टाका, ही माझी काही हवेतली कल्पना नाही. अपंगत्व पेन्शनच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं 2013 सालच्या धरमवीर सिंग खटल्यात हेच सांगितलं. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत जो आजार नोंदलेला नाही तो पुढे नोकरीत उद्भवला आणि त्यापायी माणसाला बाहेर पडावं लागलं, तर तो नोकरीमुळेच झाला असं गृहीत धरायचं. नाही म्हणायचं असेल तर कारणांसह ते दुसऱ्या बाजूनं दाखवायचं, सैनिकानं नाही. भरतीच्या दिवशी तुम्हीच त्याला तपासून धडधाकट ठरवलंत ना? त्यानंतरही सरकार अशा प्रकरणांत न्यायाधिकरणाच्या निकालांविरुद्ध वर जात राहिलं, हे दुःखाचं आहे. पण तत्त्व ठरलेलं आहे. ते आजाराला लागू होतं तर जन्मतारखेला, नावाला आणि पत्त्याला का लागू होऊ नये?

पूर्वी फौजी पेन्शन आमच्यासारख्या बँका काढायच्या. 2021 पासून ‘स्पर्श’ ही ऑनलाइन व्यवस्था आली. प्रयागराजच्या पेन्शन नियंत्रकांच्या कार्यालयाकडून पैसे थेट खात्यात जातात. 30 लाखांवर पेन्शनर आता तिच्यात आहेत. बँकवाला असूनही मी म्हणेन की हे योग्य झालं. प्रत्येक बँकेचा हिशेब वेगळा, चुका वेगळ्या, आणि चूक झाली की बँक रेकॉर्ड ऑफिसकडे बोट दाखवायची, रेकॉर्ड ऑफिस बँकेकडे. आता एकच धनी आहे. पण स्थलांतर करताना जुन्या पीपीओत जे होतं तेच नव्यात उतरलं. जुना कोरा रकाना संगणकात कोराच गेला, चुकीचं स्पेलिंग चुकीचंच. आणि दुरुस्ती कुणी करायची? पेन्शनरानं, लॉगिन करून, ओटीपी टाकून. ज्या मोबाइलवर ओटीपी येतो तो बहुतेक घरांत नातवाजवळ असतो आणि नातू पुण्याला नोकरीला असतो.

दवाखान्याबद्दल थोडंच लिहितो, कारण त्याच्यावर वेगळा लेख होईल. 1 एप्रिल 2003 ला माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली, ती नसती तर माझ्या ओळखीतले निदान दोन सुभेदार आज हयात नसते. चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक देशात आहेत, महू-इंदूरला आहेत, यादीतल्या खासगी रुग्णालयांत रोख न भरता उपचार होतात. 2025-26 साठी 8,317 कोटींची तरतूद होती. पण रुग्णालयांची बिलं थकली की ती हात आखडतात, आणि मग स्ट्रेचरवरच्या माणसाच्या मुलाला सांगतात, ‘आधी भरा, नंतर परत मिळेल.’ इथेही तेच. देणंघेणं सरकार आणि रुग्णालय यांच्यातलं, आणि मध्ये उभा कोण, तर ज्याचा बाप आत आहे तो.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे, ज्या पीपीओवर पत्नीची किंवा पेन्शनराची जन्मतारीख नाही त्यांची यादी काढायची. संगणकाला हे काम काही मिनिटांचं आहे. ती यादी जिल्ह्याजिल्ह्याला वाटायची आणि जिल्हा सैनिक कार्यालयाच्या माणसानं घरी जायचं. पोस्टमन आजही घरी येऊन बोटाचा ठसा घेऊन हयातीचा दाखला करून देतो. 2020 पासून ती सोय आहे. त्याच पोस्टमनकडून हेही करून घेता येईल. दुसरं, नाव आणि वय यांचा निकाल जिल्ह्यातच लावायचा अधिकार त्या कार्यालयाला द्यायचा. तिथे बसणारा अधिकारी स्वतः फौजेतून निवृत्त झालेला असतो. काळी पेटी आणि जोडीचा फोटो पाहून त्याला जे दोन मिनिटांत कळतं ते हजार किलोमीटरवरच्या फाइलला चौदा महिने कळत नाही. तिसरं, आणि यावर मी अडून बसेन: वाद असेल तोवर वाढीव पेन्शन सुरू करा, चूक निघाली तर पुढे वळती करून घ्या. आज उलट आहे. संशयाचा फायदा सरकार स्वतःला घेतं. 83 व्या वर्षी चौदा महिने थांबवणं म्हणजे काय, याचा हिशेब कुठल्याही तक्त्यात बसत नाही.

मला कुणी सांगू नये की घरोघरी जाणं शक्य नाही. मी इंदूरचा आहे. 2017 पासून वर्षानुवर्षं हे शहर देशात स्वच्छतेत पहिलं येतंय ते कशामुळे? लोकांनी कचरा कुंडीत नेऊन टाकावा ही अपेक्षा महापालिकेनं सोडली आणि गाडी दारात आणली. रोज सकाळी गाणं वाजवत ती राजेंद्रनगरच्या प्रत्येक गल्लीत येते, काकूंच्याही फाटकापाशी थांबते, त्या ओला-सुका वेगळा करून देतात. त्याआधी इंदूरकरांना शिस्त नाही असंच सगळे म्हणत होते. शिस्त होती. गाडी नव्हती.

यातली घाई कशासाठी ते सांगतो. 2022 साली चार वर्षांसाठी सैनिक भरती करणारी अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी तुकडीतले चौथाई फौजेत राहतील, बाकीचे साधारण 11.71 लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन घरी येतील. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, पेन्शनरांना मिळणारी आरोग्य योजना नाही. या धोरणाबद्दल माझं मत कडवट आहे, पण ते बाजूला ठेवतो. पहिली तुकडी बाहेर पडेल तेव्हा 22-25 वर्षांची हजारो पोरं जिल्हा कार्यालयांच्या दारात एकदम येतील. निमलष्करी दलांतल्या राखीव जागा, राज्यांच्या पोलीस भरतीतल्या घोषणा, कर्जं, अभ्यासक्रम, हे सगळं त्यांच्यासाठी जाहीर झालेलं आहे आणि यातलं जवळजवळ सगळं दुसऱ्या ढिगातलं आहे, मागावं लागणारं. जी कार्यालयं आज एका विधवेची जन्मतारीख लावू शकत नाहीत ती या पोरांना कशी पुरी पडणार? महूच्या आसपासच्या खेड्यांतली काही मुलं आमच्या ओळखीची आहेत. त्यांच्या आयांनी अजून एवढंच ऐकलंय की ‘पुढे सरकार बघेल’.

बँकेच्या टेबलाकडे परत येतो, कारण ती गोष्ट राहिली आहे. काकूंचं काम झाल्यावर माझी झोप उडाली. त्या टेबलावरून कितीतरी पीपीओ माझ्या हाताखालून गेले होते, आणि जन्मतारखेचा कोरा रकाना मी पाहिला नव्हता असं नाही. पाहिला होता. पेन्शन दरमहा जमा होत होती, कुणी तक्रार केली नव्हती, म्हणून मी पुढचं पान उलटलं होतं. मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही. नियमात मी कुठेच चुकलो नव्हतो.

आता दर रविवारी सकाळी मी आणि सिग्नल्समधून निवृत्त झालेले एक शेजारी ओळखीच्या फौजी घरांत जाऊन पीपीओ बघतो. गेल्या रविवारी किशनगंजच्या अलीकडे एका घरी गेलो होतो. आजी खाटेवर होत्या; 89 पूर्ण, पुढच्या वर्षी 90. सुनेनं चहा ठेवला आणि आतून पेटी आणली. पांढरा रंग उडाला होता, तरी नंबर वाचता येत होता. मी वरचे कागद बाजूला केले, पीपीओ उलगडला आणि चष्मा लावून तो रकाना शोधला. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.